माझ्या हाकेला ओ कोणी दिली

आधीच माफी मागते. माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे लिहायचं म्हणजे वाण्याची यादी आणि माहेरी पोस्टकार्ड, एवढंच. तेव्हा चुका दिसल्या तर... पण दिसणार कुणाला? हे मी कुणाला दाखवणार नाहीये.

झालं असं, की इथल्या मराठी मंडळाचा अंक निघतो आणि त्यात दर खेपेला 'अनुभव' म्हणून एक पान असतं. माझी सून अपर्णा भाजी निवडताना मला ते वाचून दाखवते. कुणाला घाटात पांढरी साडी दिसते, कुणाचा जिन्यात कोणी हात धरतं. वाचून झालं की अपर्णा म्हणते, "आई, तुमच्याकडे नाही का एखादा असा किस्सा? खेड्यातल्या तुम्ही."

मी म्हणते, "नाही गं बाई." आणि मेथी निवडत राहते.

खोटं बोलते मी. एक आहे. पण तो खेड्यातला नाही, इथलाच आहे, आणि तो सांगितला असता तर घरात काय झालं असतं ते पुढे कळेलच. आता सांगून कुणाचं काही बिघडणार नाही. तरी तोंडानं सांगायचं धाडस नाही, म्हणून लिहिते.

असल्या गोष्टी मानणारी मी नव्हे. माहेरी आमच्या विहिरीवर भर दुपारी कोणी जात नसे, तिथं 'बाई' आहे म्हणायचे. मी मुद्दाम दुपारीच जायची. विहीर मोकळी मिळायची, धुणं लवकर व्हायचं. मला कधी कुठली बाई दिसली नाही. त्यामुळे मी जे लिहिते आहे ते मलाच खरं वाटायला वेळ लागला, एवढं लक्षात ठेवावं.

आम्ही इंग्लंडात कॉव्हेंट्रीला राहतो, म्हणजे मुलाकडे. महेश इथं कॉम्प्युटरमध्ये आहे. हे रिटायर झाले आणि पुढे त्यांचं विसरणं सुरू झालं, तेव्हा महेशनं आम्हा दोघांना इकडं आणलं. 'हे' म्हणजे माझे मालक. नाव लिहायला हात धजत नाही. जन्मात घेतलं ते उखाण्यात, तेवढंच.

हे लाल गाडीवर कंडक्टर होते. सगळी नोकरी घाटातल्या रस्त्यांवर गेली. आधी किल्ल्या विसरले, मग रस्ते, मग महेशचं नाव, आणि मग मला. मला 'मावशी' म्हणायला लागले, कंडक्टर म्हातारीला म्हणतो तसं. "मावशी, कुठं उतरणार?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मोरीत जाऊन रडले. पुढे उत्तर द्यायला शिकले. "वडाच्या फाट्याला," म्हणायची. तो माझ्या माहेरचा फाटा. मग ते मान हलवायचे आणि निवांत बसायचे. बाई कुठं उतरणार ते कळलं की कंडक्टरला काळजी नसते.

सगळं गेलं, पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यातून जाईना. ज्यांनी आमच्याकडच्या गाड्यांतून प्रवास केलाय त्यांना ठाऊक असेल — सुटे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे आकडा लिहून देतो. उतरताना तिकीट दाखवायचं आणि उरलेले पैसे घ्यायचे. तर महेश लहान असताना एका बाजाराच्या दिवशी बोरांची पाटी घेतलेली एक बाई ह्यांच्या गाडीत चढली. दहाची नोट दिली. साडेतीन रुपये परत द्यायचे होते, ह्यांनी मागे लिहून दिलं. गर्दी होती. ती तिच्या फाट्याला उतरली, ड्रायव्हरनं गाडी काढली, आणि घाट चढून गेल्यावर ह्यांच्या लक्षात आलं. त्यानंतर किती महिने हे साडेतीन रुपये वेगळ्या खिशात ठेवायचे आणि त्या फाट्याला गाडी थांबली की वाकून बघायचे. ती बाई पुन्हा भेटली नाही.

"बोरं विकून आलेले पैसे होते गं तिचे," मला म्हणायचे तेव्हा.

आता कॉव्हेंट्रीत सोफ्यावर बसल्या बसल्या अचानक उठायचे. "बोरंवाल्या बाईंचे सुटे राहिलेत."

महेश म्हणायचा, "दिले बाबा. कधीच दिले."

ते त्याच्याकडं असे बघायचे, जणू तो बिनतिकिटाचा आहे. कंडक्टरला ठाऊक असतं ना, दिले की नाही ते.

एकदा थंडीत पहाटे स्लिपर घालून तसेच बाहेर पडले. रिंग रोडच्या कडेला एका भल्या माणसाला सापडले, पोलिसांनी आणून सोडलं. हातात सुटे पैसे घट्ट धरलेले. त्या दिवशी महेश ऑफिसला गेला नाही. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला.

"आई, आता आणखी एकदा जरी असं झालं ना, तर आपल्याला केअर होमचा विचार करायला लागेल. डॉक्टर पण तेच म्हणाले. तिथं दारं कोडनं उघडतात. सेफ राहतील ते."

"तिथं मराठी कोण बोलेल त्यांच्याशी?"

महेश वाईट नाही. त्याचेही डोळे लाल होते.

मी मनात म्हटलं, तिथं त्यांना कोण विचारणार गाडी कुठली? आणि ते कुणाला विचारणार, कुठं उतरणार?

आता त्या जागेबद्दल. कॉव्हेंट्रीच्या बाहेर, गाडीनं अर्ध्या तासावर, एक जुनं मोठं घर आहे. त्याचं इंग्रजी नाव मला लिहिता यायचं नाही, आम्ही मोठं घरच म्हणायचो. कुण्या लॉर्डाचं होतं, आता तिकीट काढून लोकांना आत बघायला देतात. आम्ही आत कधी गेलो नाही. त्या घराभोवती जंगलातून एक गोल वाट आहे. कार पार्कजवळ एक लाकडी टपरी, तिथं डोरीन नावाची गोरी म्हातारी नकाशे घेऊन बसायची. वाट टपरीपासून निघते आणि फिरून टपरीपाशीच संपते. जागोजाग लाकडी खुंट आणि त्यांवर पिवळे बाण.

शनिवारी माझ्या नातीचा, ईशाचा, पोहण्याचा क्लास असायचा. महेश आम्हाला तिथं सोडायचा, ईशाला क्लासला नेऊन परत यायचा, आणि मग सगळ्यांनी टी-रूममध्ये केक खायचा. रिंग रोडचं झालं तेव्हा मला वाटलं, आता हेही बंद. पण चालून आले की हे दोन दिवस शांत असायचे, म्हणून महेशनं चालू ठेवलं. एवढंच म्हणाला, "हात सोडायचा नाही, आई."

"नाही सोडणार."

बाणांप्रमाणे जायचं तर घर डाव्या हाताला येतं. पहिल्या दिवशी थोडी पावलं गेले आणि माझे पाय अडले. गोल फिरायचं आणि मधलं डावीकडं ठेवायचं? देवळात असं कोणी करायला लागलं तर म्हाताऱ्या बायका दंडाला धरून वळवतात.

"आई, हे देऊळ नाहीये," महेश म्हणाला.

मलाही ते दिसत होतं. पण पाय ऐकेनात. शेवटी मी ह्यांचा हात धरून उलटी वळले आणि घर उजवीकडं घेऊन चालू लागले. तेव्हापासून आमची वाट तीच. त्यामुळे सगळं जग आमच्या समोरून यायचं. पाठीवर पोरं घेतलेले बाप, काठ्या घेतलेल्या म्हाताऱ्या, ओली कुत्री. "राँग वे राउंड, लव्ह," असं हसून म्हणायचे. मी "थँक्यू" म्हणायची. डोरीन एकदा अपर्णाला म्हणाली, "हे दोघं घड्याळासारखे बरोबर जातात. उलटे आपणच सगळे."

ह्यांना ती वाट फार आवडायची. झाडांत शिरलं की चेहरा मोकळा व्हायचा. "पुढं सरका, पुढं सरका," म्हणत जायचे. खाली बीचची पानं पडलेली असायची — बीच म्हणजे इथं समुद्र नव्हे, झाड. ईशानं सांगितलं मला — तांबडी, पिवळी. ती उचलायचे, नखानं टोचायचे आणि समोरून येणाऱ्याला एकेक द्यायचे. मी लाजेनं अर्धी व्हायची. पण लोक घ्यायचे. एका उंच म्हाताऱ्यानं टोपी काढून घेतलं आणि नीट खिशात ठेवलं. डोरीननं तिचं पान टपरीच्या काचेला चिकटवलं होतं. "सीझन तिकीट," म्हणाली.

मलाही एक मिळायचं. "मावशी, कुठं उतरणार?" वडाच्या फाट्याला. घ्या.

अर्ध्या वाटेवर विटांचा एक बुटका घुमट आहे, अर्धा मातीत गेलेला. पुढे छोटं दार, त्याला लोखंडी जाळी, आत काळोख. मी पहिल्याच दिवशी बूट काढले. अपर्णानं तिथली पाटी वाचली आणि तिला हसू आवरेना. "आई, इथं बर्फ ठेवायचे. थंडीत तळ्यातला बर्फ तोडून आणायचा आणि उन्हाळ्यात लॉर्डाच्या सरबताला वापरायचा." असेल. पुढच्या वेळेपासून बूट काढले नाहीत, पण हात जोडायची. बर्फ तर बर्फ. इतकी वर्षं अंधारात कोणीतरी काहीतरी जपून ठेवलं होतं ना तिथं.

एका शनिवारी ईशाला क्लास नव्हता, तेव्हा सगळेच बरोबर होते. घराची मागची भिंत जिथं झाडांतून दिसते तिथं ईशा ओरडली, "हॅलो". भिंतीकडून आलं, "लो". मग ती ओरडली, "आजी". आलं, "जी".

"आजी, जंगल तुला जी म्हणतो," ईशा म्हणाली. तिचं मराठी असंच आहे. "आता तू आजोबाला हाक मार."

मी कसली मारते. पण ती हाताला लोंबकळलीच. मी कशीबशी म्हटलं, "अहो..."

आणि भिंतीकडून आलं, "...हो."

सगळे हसले. हे मात्र मागं वळून बघायला लागले, कुणाची बाई कुणाला बोलावते आहे म्हणून. त्यांना तो आपला 'अहो' वाटतच नव्हता ना आता.

महेश म्हणाला, "बाबांपेक्षा जंगल बरं, लगेच ओ देतं." मग ईशाला समजावून सांगितलं, की भिंत आहे म्हणून आवाज परत येतो. समोर मोकळं असलं तर येत नाही. मी ते नीट ऐकून ठेवलं, कारण असलं मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

आता जे सांगायचं तो दिवस नोव्हेंबरातला. धुकं होतं. महेश गाडीतून उतरताना म्हणाला, "आज राहू दे का?" पण हे आधीच दार उघडून बाहेर उभे होते. ह्यांच्या गळ्यात ईशानं शिवून आणलेली एक छोटी पिशवी असायची, शाळेत शिकवलं होतं तिला. त्या सकाळी केकसाठी तिनं त्यात स्वतःच्या हातानं पाच पौंडांची नाणी टाकली होती. "आजोबा कंडक्टर आहे, पैसे त्याच्याकडे," म्हणाली.

आम्ही आत शिरलो. बुंधे तेवढे दिसत होते, वरचं सगळं धुक्यात. उभ्यानं प्रवास करणाऱ्या माणसांसारखी झाडं वाटत होती, वर कुठंतरी हात उंच करून दांडी धरलेली. पायाखाली पानं ओली, आवाज होत नव्हता. एखाद्या पानावरून थेंब पडला की तेवढाच ऐकू यायचा. त्या दिवशी समोरून कोणीच आलं नाही. हे पानं गोळा करत होते, पण द्यायला माणूस नाही, म्हणून बेचैन. "आज गाडी रिकामीच," असं दोनदा म्हणाले.

घुमटापाशी आलो. दोन्ही हात जोडायचे तर एक हात सोडावा लागतो. मी दर वेळी सोडायची. डोळे मिटायचे, उघडायचे, तेवढाच वेळ. त्या दिवशी मी थोडं जास्त मागितलं. म्हटलं, ह्यांना माझ्यापासून नेऊ नका. कोडच्या दारामागं नको. मला ओळखलं नाही तरी चालेल...

डोळे उघडले तर हे नव्हते.

आधी वाटलं, घुमटाच्या मागं असतील. नव्हते. वाटेवर पुढं बघितलं, मागं बघितलं. पांढरं. पायांचे ठसेही उमटत नव्हते त्या पानांवर. हाक मारायची, तर जन्मात मी मोठ्यानं बोललेली नाही. "अहो," म्हटलं ते माझं मलाच ऐकू आलं. मग पोटातून जोर काढून म्हटलं, "अहो..."

"हो," पुढून आलं.

जिवात जीव आला. मी पळत सुटले, म्हणजे मला पळता येतं तेवढी. वळणावर पोचले, कोणी नाही. पुन्हा हाक मारली. "अहो..."

"हो." पुन्हा पुढूनच. तेवढ्याच अंतरावर.

आता माझ्या ध्यानात आलं, की आवाज पुरुषाचा नाही. बाईचा आहे. माझाच परत येतोय, भिंतीकडून. पण मग वाटलं, घर तर उजवीकडं आहे. उजवीकडून यायला पाहिजे. हा समोरून कसा येतो? आणि माझ्यासारखाही नव्हता तो. जरा घोगरा होता, तोंडात मिश्री धरून बोलणाऱ्या बाईचा असतो तसा. मी भ्यायला हवं होतं. पण भीती वाटली नाही, हे खरं सांगते. त्या धुक्यात मला असं झालं होतं, की मी गाडीत आहे आणि पुढच्या सीटवर कोणीतरी माझ्याच गावची बसली आहे. एवढे दिवस सगळे समोरून यायचे. आज पहिल्यांदा कोणीतरी माझ्याच बाजूनं चाललं होतं.

पुढे वाटेला फाटा फुटतो. गोल वाट उजवीकडं वळते, आणि डावीकडं एक पायवाट खाली तळ्याकडं उतरते. तिथं दोर बांधून बंद केलेली असते. दोर खाली पडला होता. मी तिथं थांबले. वाट सोडून जावं की नाही कळेना. प्रदक्षिणा अर्धी टाकू नये, हेही डोक्यात आलं, बघा माणसाचं मन कसं असतं. मग वाटलं, आता नावच घ्यावं. 'अहो' म्हणून त्यांना कळतच नाही, नाव घेतलं तर वळतील. तोंड उघडलं. पण ते नाव माझ्या तोंडून कधी एकटं आलंच नव्हतं, उखाण्याला धरून आलं होतं. आणि उखाणा आठवेना. मी नुसती तोंड उघडून उभी.

"हो," डावीकडून आलं.

मी हाक मारलीच नव्हती.

अगदी शांत आवाज होता. आतून कोणी हाक मारली की बायका हातातलं काम न सोडता म्हणतात ना, तसा. मी दोरावरून पाय टाकला आणि खाली उतरले.

उतरताना वास आला. पिकलेल्या बोरांचा. थोडा आंबूस, थोडा उन्हाचा. त्या ओल्या थंडीत, कुजक्या पानांत, तो वास. मी इंग्लंडात बोर पाहिलेलं नाही.

खाली तळ्याला दगडी पायऱ्या आहेत, पूर्वी होडीत बसायला केलेल्या. हे सगळ्यात खालच्या पायरीवर उभे होते. बूट पाण्यात. एक पाऊल पुढं गेले असते तर संपलं होतं. तळं दिसतच नव्हतं, पायरीपुढं नुसतं पांढरं. हे त्या पांढऱ्याकडं तोंड करून, हात पुढं केलेला, जसा दारात उभा राहून कंडक्टर उतरत्या माणसाला देतो.

मी हळूच म्हटलं, "अहो."

"हो, हो. झालंच," हे म्हणाले. "ह्या बाईंचं तेवढं राहिलं होतं."

"कुठल्या बाई?"

"बोरंवाल्या. उतरल्या ना आत्ता."

"कुठं?"

त्यांनी पाण्याकडं हनुवटी केली. "त्यांच्या फाट्याला."

मी त्यांचा दंड धरला. मग काय सुचलं कोण जाणे, विचारलं, "तिकीट होतं का त्यांच्याकडं?"

"तिकिटाशिवाय देईन होय मी?" त्यांनी दुसरी मूठ उघडली. बीचचं एक पान, ओलं, चुरगळलेलं. त्याच्या मागच्या बाजूला नखानं साडेतीनचा आकडा ओढलेला. अक्षर ह्यांचंच. ते काही मी चमत्कार म्हणत नाही, ते त्यांनीच लिहिलं असणार.

एकेक पायरी करून त्यांना वर आणलं. काहीतरी नेहमीसारखं व्हावं म्हणून मी म्हटलं, "आणि माझं तिकीट? आज दिलं नाही."

हे थांबले. माझ्याकडं बघितलं. पुष्कळ वेळ.

"तुझं कसलं तिकीट?" म्हणाले. "तुझा पास आहे की."

कंडक्टरच्या घरच्यांना पास असतो. आणि मावशीला कोणी 'तुझा' म्हणत नाही.

त्या पायवाटेनं वर आलो ते उलटेच फिरलो, ज्या वाटेनं आलो तीच. म्हणजे बाणांप्रमाणे. टपरीपाशी डोरीन म्हणाली, "राइट वे टुडे." मी "थँक्यू" म्हटलं. हे आपणहून माझा हात धरून चालत होते. गाडी आली तेव्हा महेश म्हणाला, "बूट कशानं भिजले?"

"गवतावर दव आहे रे," मी म्हटलं.

महेशला आजही माहीत नाही. त्या दिवशी सांगितलं असतं तर पुढच्या आठवड्यात हे त्या होममध्ये असते. पण त्यानंतर हे कधी घराबाहेर पडले नाहीत. दार उघडं असलं तरी नाही. सोफ्यावरून अचानक उठले नाहीत. सुट्यांची गोष्ट त्यांच्या तोंडून पुन्हा निघाली नाही, एकदासुद्धा. ओळख मात्र टिकली नाही. दोन दिवसांनी मी पुन्हा मावशी झाले. पण शांत कंडक्टरची मावशी. होमचं नाव कोणी काढलं नाही, आणि पुढच्या वर्षी थंडीत ते घरीच गेले, स्वतःच्या बिछान्यात. हात माझ्या हातात होता.

मी पुष्कळ विचार केला. चौथी शिकले असले तरी विचार करता येतो. एखादी गोरी बाई आपल्या कुत्र्याला हाक मारत असेल, 'जो, जो' म्हणून, आणि मला ते 'हो' ऐकू आलं असेल. धुक्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही म्हणतात. वासाचं काय, घाबरल्यावर माणसाला कसलेही वास येत असतील. हे गेल्यावर वसंतात अपर्णा मला एकदा तिथं घेऊन गेली होती. तिला केक घ्यायला पाठवलं आणि मी एकटी चालत त्या फाट्यापर्यंत गेले. ऊन स्वच्छ होतं, झाडांखाली निळी फुलं पसरली होती. दोन्हीकडं बघितलं, कोणी नव्हतं, आणि मोठ्यानं हाक मारली, "अहो..."

उजवीकडून, घराच्या भिंतीकडून, अगदी बारीक, उशिरा आलं... "हो." डावीकडून काही नाही. डावीकडं नुसतं तळं, मोकळं. महेशनं सांगितलं होतं तसंच.

मग त्या दिवशी डावीकडून कोण बोललं, आणि मी हाक मारायच्या आधी ओ कशी दिली, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. अंकातल्या लोकांना निदान कुणी दिसतं तरी. मला कोणी दिसलं नाही. त्या बाईचे पाय उलटे होते की सुलटे, मला काय ठाऊक. एवढंच सांगते, की तिनं मला वाईट काही केलं नाही.

त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं.

टी-रूममध्ये बसलो होतो. ईशाचे केस ओले होते. तिनं ह्यांच्या गळ्यातली पिशवी काढून टेबलावर ओतली, केकचे पैसे द्यायला. बोटानं नाणी सरकवली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"डॅडी, इथे फक्त वन पौंड फिफ्टी आहे. मी फाइव्ह टाकला होता."

महेशनं पिशवी उलटी करून बघितली. मग माझ्याकडं बघितलं. "आई, कुठं पडले का? थांबला होतात कुठं तुम्ही?"

खोटं बोलायचं तर आधी सुचायला लागतं. मी कपातल्या चहाकडं बघत राहिले.

"पडले नाहीत," हे म्हणाले. ते कागदी रुमालाची घडी घालत होते, नीट, कडेला कड लावून. "दिले."

"कुणाला दिले, बाबा?"

"ज्यांचे होते त्यांना."

इतकी वर्षं 'दिले बाबा, दिले' असं महेश सांगायचा. आज त्यानं नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला. उरलेली नाणी ह्यांनी एकेक उचलून पिशवीत टाकली, बंद ओढला आणि पिशवी ईशाच्या हातात दिली.

"साडेतीन होते," तिला म्हणाले. "पूर्ण दिले. आता कुणाचं काही राहिलं नाही."